कोंबड्या कोण मारतंय? 12 दिवसांत 7 गेल्या, लवकर सांगा

लांजेकर_ठाण्यात
गावच्या घरी कोंबड्या मरतायत. 12 दिवसांत 7 गेल्या. खुराडं रात्री बंद असतं, बाहेरून कडी असते, जाळी कुठेही फाटलेली नाही. सगळे मुंगूस म्हणतात, पण तो आत शिरणार कुठून? औषध, पिंजरा, फवारा, जे काय लागेल ते सांगा. शनिवारी गावी जातोय, त्याआधी सामान घ्यायचंय. लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही.

खुराडेवाला
एकूण किती होत्या? गावठी की गिरिराज? खाल्लेल्या सापडतात की नुसत्या मरून पडलेल्या? दिवसा की रात्री? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

तांबडी_पिसं
मानमोडी. डोळे मिटून सांगते. आमच्या 40 कोंबड्या चार दिवसांत गेल्या होत्या. माना वाकड्या, हिरवी-पांढरी शिट, चोची उघड्या. ताबडतोब लासोटा लस द्या.

गुरांचा_डॉक्टर
लागण झाल्यावर लासोटा देऊन काय करणार? मानमोडी म्हणजेच राणीखेत, त्यावर औषध नाही. लस आधी द्यायची असते, पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आरटूबी. आणि ही मानमोडी असती तर 12 दिवसांत सातवर थांबली नसती.

नंदुरबारी
मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका! 2006 साली आमच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा शेडच्या शेड रिकाम्या केल्या होत्या. देशातली पहिली साथ ती. आधी सरकारी दवाखान्यात कळवा.

लांजेकर_ठाण्यात
अहो आजार नाहीये! कोंबड्यांना डोकीच नाहीत. धड तसंच्या तसं पडलेलं असतं.

खुराडेवाला
हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं?

नंदुरबारी
बरं. बर्ड फ्लू डोकी नेत नाही. पण हातमोजे घाला.

पुणे_52
नुसतं डोकं खाणारा प्राणी म्हणजे रकून. यूट्यूबवर डझनभर व्हिडिओ आहेत, जाळीतून हात घालतो.

कौलारू
रकून, लांज्यात? मुंबई-गोवा हायवेने निघाला असेल तर अजून खड्ड्यातच असेल बिचारा.

माळरान
मुंगूसच. आमच्याकडे कराडजवळ मळ्यात एकाच दुपारी पाच मारल्या. मानेला चावतो, रक्त पितो आणि धड टाकून जातो.

कौलारू
रक्त पितो हे ऐकीव. मानेला चावा बसला की रक्त वाहतं, लोकांना वाटतं प्यायला. तुमच्याकडे दुपारी मारल्या ना? मुंगूस दिवसा फिरतो. धागाकर्त्यांच्या रात्री जातायत की दिवसा, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

माळरान
मी डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही पुस्तक वाचून बोलताय.

कौलारू
पुस्तक नाही, वीस वर्षं कोंबड्या.

दादा_सांगलीकर
एवढी चर्चा कशाला? मेलेल्या कोंबडीत उंदराचं औषध भरून ठेवा. दोन रात्रींत निकाल.

गुरांचा_डॉक्टर
असलं काही करू नका. घरचं कुत्रं, मांजर, वर घार, सगळे मरतील. आणि मुंगूस असो नाहीतर ऊद (उदमांजर), वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली मारणं गुन्हा आहे.

वडे_सागोती
अवांतर: धडं तशीच राहतात तर मग त्यांचं काय करता? :)

लांजेकर_ठाण्यात
गंमत सुचतेय लोकांना. मी ठाण्यात, गावी आई एकटी असते. 16 होत्या, आता 9. गावठी. सकाळी खुराडं उघडलं की दिसतं, म्हणजे रात्रीच. आईला फोन करून अजून काय विचारू ते एकदाच सांगा.

कौलारू
चार गोष्टी. जाळीचं भोक केवढं? कोंबड्या रात्री कुठे बसतात, मधे की कडेला? मेलेली कोंबडी रोज एकाच बाजूला असते का? आणि डोकी कुठे गेली?

लांजेकर_ठाण्यात
आत्ताच बोललो. जाळी साधी कोंबडीजाळी, षटकोनी भोकांची, दोन बोटं सहज जातात. बसायला दांडी नाही, सगळ्या मागच्या कोपऱ्यात जाळीला चिकटून बसतात. मेलेली तिथेच असते. आणि डोकी? आई म्हणते, "दोन गडग्यापलीकडे पडली हुती, मी दिली फेकून. त्यात सांगायचं काय?"

कौलारू
झालं की मग! आत कुणी शिरतच नाहीये. कोंबडी झोपेत जाळीला टेकते, मान भोकापाशी येते. बाहेरचा डोकं पकडतो, ओढतो. धड भोकातून निघत नाही, ते आत राहतं. मागच्या बाजूची जाळी नीट बघा, तारेला बारकी पिसं अडकलेली असणार. रात्रीचा कारभार, म्हणजे ऊद किंवा रानमांजर. मागच्या बाजूला चुलीतली राख चाळून पसरा. मांजराच्या पंजाची चार बोटं उमटतात, ऊदाची पाच.

माळरान
मुंगूसालाही पाचच असतात.

कौलारू
असतात. पण तो रात्री झोपलेला असतो, माळरानसाहेब.

खुराडेवाला
जाळी बदला. अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणा, निदान खालचे दोन फूट, आणि कडा जमिनीत वीतभर पुरा. वेल्डमेश महाग वाटली तर जुना पत्रा ठोका. मधोमध फूट-दीड फूट उंचीवर दांडी लावा, जाळीपासून हातभर लांब. गावठी कोंबडीला उंचावरच झोपायचं असतं, दांडी नसली की ती कोपरा धरते. कडीला पिन घाला.

पुणे_52
म्हणजे जाळीतून ओढतो हे मी बरोबरच सांगितलं होतं. प्राणी चुकला फक्त.

कडकनाथप्रेमी
कडकनाथ पाळा. चपळ असतात, सहजी सापडत नाहीत.

खुराडेवाला
झोपलेला कडकनाथ किती चपळ असतो?

लांजेकर_ठाण्यात
रविवार रात्र, गावाहून. शनिवारी पोचलो. मागच्या तारेला पिसं होती, एका भोकाला तुऱ्याचा सुकलेला तुकडा चिकटला होता. राख टाकली. सकाळी माग, पाच बोटं, बाहेरच्या बाजूने तीन फेऱ्या मारलेल्या. शिडी लावून माळ्यावर चढलो तर कौलांखाली वाशावर विष्ठेचा ढीग, सगळ्या जांभळाच्या बिया. आईला दाखवलं तर म्हणाली, "तो ऊद बाबांच्या वेळेपास्नं हाय. आपला म्हणून कुणी हाकलला न्हाय." वेल्डमेश आज बसवली, दांडीही. काल रात्री दांडी नव्हती तरी पत्रा ठोकला होता, एकही गेली नाही.

कौलारू
जांभळं संपली की तो पुन्हा येणार. दांडी काढू नका.

लांजेकर_ठाण्यात
आणखी एक. सातातल्या पहिल्या दोघींना डोकी होती, असं आई आज सांगते. नुसत्या मरून पडल्या होत्या. त्या कशाने?

गुरांचा_डॉक्टर
त्यांचा वेगळा धागा काढा. तोवर आईला विचारा, शिट कोणत्या रंगाची होती, खुराड्याला पत्र्याचं छप्पर आहे का, आणि दुपारी मेल्या की रात्री. आणखी एखादी तशी गेली तर 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

वडे_सागोती
नवीन धाग्यात हेही लिहा, अंडी विकता का?