पाच क्रेडिट कार्डांपैकी कोणती बंद करावीत?

नेरुळकर

पाकिटात पाच क्रेडिट कार्डं झाली आहेत, दोनवर यायचंय. कार्डांवरचा खर्च महिन्याला ५०,००० च्या आसपास, बिल दर वेळी पूर्ण भरतो. कार्डं अशी:

क – २०१४ चं, पगाराच्या बँकेचं. लिमिट १,२०,०००. लाइफटाइम फ्री, पण जवळजवळ पडूनच असतं.
ख – २०१९ चं, व्हिसा. लिमिट ३,००,०००. फी ९९९, वर्षाला २ लाख खर्च झाला की माफ. मुख्य कार्ड हेच; महावितरण आणि महानगर गॅसचं ऑटो-पे यावरच.
ग – ख च्याच बँकेचं पेट्रोल कार्ड. फी ४९९, ५०,००० खर्चावर माफ. लिमिट ३,००,०००. कार विकली, आता फक्त स्कूटर.
घ – रूपे, यूपीआयला जोडलेलं. लिमिट ८०,०००, फी नाही. फ्रिजचे पाच हप्ते बाकी.
ङ – विमानतळावरच्या लाउंजवालं. फी २,९९९, लिमिट २,००,०००.

सात-आठ महिन्यांनी घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायचाय, गृहकर्ज काढावं लागेल. सिबिल स्कोअर पडायला नको. जुनं कार्ड बंद करू नये म्हणतात, पण पडून असलेलं नेमकं तेच आहे.

ऐरोलीचा हिशेबनीस

आधी ग. यात विचार करण्यासारखं काही नाही. स्कूटरला महिन्याला १,५०० चं पेट्रोल धरलं, तरी कार्डाने पेट्रोल भरताना लागणारा एक टक्का सरचार्ज माफ होऊन वर्षाला १८० रुपये वाचतात. तेही बहुतेक कार्डांवर एका वेळी किमान ४००-५०० चं पेट्रोल भरलं तरच. ३०० चं भरलंत तर शून्य. सरचार्जवरचा जीएसटी तर परत मिळतच नाही. फी जीएसटीसकट ५८९ रुपये, आणि नुसत्या पेट्रोलवर ५०,००० खर्च आता होणार नाही.

शिवाय ख आणि ग एकाच बँकेची आहेत, म्हणजे ३ लाखांचं लिमिट बहुधा दोघांत मिळून आहे. ॲपमध्ये ख वर काही खर्च करून ग चं उपलब्ध लिमिट बघा. तेही तेवढंच खाली आलं तर लिमिट सामाईक. तसं असेल तर तुमचं खरं एकूण लिमिट १० लाख नसून ७ लाख आहे, आणि ग गेल्याने त्यातला एक रुपयाही कमी होत नाही.

नंतर ङ. फी जीएसटीसकट ३,५३९. हल्ली बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच लाउंज मिळतं. तुमचा खर्च ख वर, म्हणजे ङ ची अट पुरी होणार नाही आणि फी मात्र जाणार. ठेवायचंच ठरवलंत तर आता सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ त्यांच्या यादीत आहे का तेवढं बघा. नेरुळहून सहारचा विमानतळ गाठून लाउंज वापरण्यात काय हशील!

स्कोअरचं म्हणाल तर ७ लाखांवर ५०,००० म्हणजे लिमिटचा ७ टक्के वापर. ङ गेल्यावर ५ लाखांवर १० टक्के. क सुद्धा काढलंत तर ३.८ लाखांवर १३ टक्के. स्कोअर सांभाळायला लोक वापराची ३० टक्क्यांची रेघ धरतात, तिच्यापासून तुम्ही लांब आहात.

पाचपाखाडी

वरच्या हिशेबाशी सहमत. क मात्र ठेवा, दोनाऐवजी तीन कार्डं राहिली तर काही बिघडत नाही. जुनं खातं बंद केलं की त्याचा इतिहास दुसऱ्या दिवशी पुसला जातो हा गैरसमज आहे. क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना, तो किमान सात वर्षं ठेवावा लागतो. तरी गृहकर्ज तोंडावर असताना फुकटचं, सर्वांत जुनं, चालू खातं मोडण्यात फायदा काय? कर्जाचे पैसे हातात पडले की मग हवं तर बंद करा.

फक्त ते पूर्ण झोपू देऊ नका. कार्ड वर्षाहून जास्त वापरलं नाही तर बँक तुम्हाला कळवते आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर थकबाकी नसलेलं खातं स्वतःच बंद करते. मोबाइलचं बिल त्यावर लावा. परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं ॲपमधून बंद ठेवा.

घ सुद्धा राहू दे. यूपीआयवर दुकानदाराच्या क्यूआरला क्रेडिट कार्ड चालतं ते रूपेचंच, व्हिसाचं नाही. आणि आता ते बंद करायला गेलात तर उरलेलं मुद्दल एकदम मागतील, वर बहुतेक ठिकाणी मुदतपूर्व शुल्क आणि जीएसटी. हप्ते संपू द्या.

घोडबंदरी

कोणतं ते ठरलं, पण लोक अडकतात ते बंद करताना.

पहिली गोष्ट, कार्ड ब्लॉक करणं म्हणजे बंद करणं नव्हे. कस्टमर केअरला ‘कार्ड नको’ म्हटलं की ब्लॉक करून नवं कार्ड कुरिअरने पाठवल्याची उदाहरणं भरपूर आहेत. कात्रीने कापल्यानेही खातं बंद होत नाही. ‘क्रेडिट कार्ड अकाउंट क्लोजर’ हेच शब्द वापरा आणि तक्रार क्रमांक घ्या. वेबसाइट, ॲप, नेटबँकिंग, ईमेल, फोन, कुठूनही अर्ज करता येतो. पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही.

अर्जाआधी मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट्स चाळा, तीन नाही. विम्याचा वार्षिक हप्ता, डोमेन, अँटिव्हायरस वर्षातून एकदाच कापले जातात आणि तेच हुकतात. ऑटो-पे एका कार्डावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही, प्रत्येक ठिकाणी नवं कार्ड टाकून ओटीपीने नव्याने मंजुरी द्यावी लागते. पॉलिसी लॅप्स झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.

कार विकली म्हणालात, तर फास्टॅग बंद केलात का? त्याचं ऑटो-रिचार्ज ग वर असेल तर नव्या मालकाचे टोल तुमच्या खिशातून जातील.

मग पॉइंट्स. खातं बंद झालं की ते बहुतेक ठिकाणी बुडतात. आधी वापरा, पण वापरायचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी बिलात येतो. तो भरल्याशिवाय अर्ज नको.

उत्तम वेळ म्हणजे स्टेटमेंट आल्यावर पूर्ण बिल भरलं की लगेच, कारण तेव्हा बिलात न आलेला खर्च जवळपास शून्य असतो. त्या महिन्यात कार्ड वापरू नका, आणि एखादा रिफंड यायचा असेल तर तो येईपर्यंत थांबा. जास्तीची रक्कम बँकेने तुमच्या खात्यात परत द्यायलाच हवी, पण तिच्यामागे लागावं लागतं. वार्षिक फी कोणत्या महिन्यात लागली ते गेल्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये दिसेल, त्याच्या महिना-दीड महिना आधी अर्ज करा. फी लागून गेली असेल तर आधी ती उलटवून घ्या. ती बाकी राहिली तर थकबाकी ठरते आणि बँकेवर मुदतीचं बंधन राहत नाही.

ती मुदत अशी: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर कामकाजाच्या सात दिवसांत खातं बंद व्हायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड, तोही तुम्हाला. ईमेलमध्ये हे एका ओळीत लिहिलं की काम झपाट्याने होतं. मधल्या काळात ‘फी माफ करतो, राहू द्या’ असा फोन येईल. हो म्हणालात तर अर्ज रद्द. आणि ‘क्लोजरसाठी ओटीपी सांगा’ असा कोणी फोन केला तर तो चोर, फोन ठेवा.

नेरुळकर

धन्यवाद. फास्टॅग खरंच राहिलाय, आजच बघतो. ङ वर बायकोच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड आहे, त्याचं काय? आणि कर्जाच्या वेळी बंद केल्याचा पुरावा काय दाखवायचा?

पाचपाखाडी

मुख्य खातं बंद झालं की ॲड-ऑन त्याच्याबरोबर जातं. वहिनींचं काही ऑटो-पे त्यावर असेल तर तेही आधी हलवा.

पुरावा म्हणजे बँकेचं नो ड्यूज लेटर (काही देणं बाकी नसल्याचं पत्र), खातं बंद झाल्याचा एसएमएस आला की लगेच मागून ठेवा. बँकेने ३० दिवसांत ब्युरोंना कळवायचं असतं. दीड महिन्याने सिबिलचा रिपोर्ट काढा, प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. खात्यापुढे ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य हवं. ‘सेटल्ड’ दिसलं तर ताबडतोब तक्रार करा, कर्ज देणारा त्याचा अर्थ पैसे बुडवून तडजोड केली असा घेतो. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकच दाद देत नसेल तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींसाठीच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे जा.

ऐरोलीचा हिशेबनीस

ग आणि ङ याच महिन्यात उरका, म्हणजे कर्जाच्या अर्जापर्यंत रिपोर्ट स्वच्छ होईल. तोवर ‘प्री-अप्रूव्ह्ड’ म्हणून येणारं नवं कार्ड घेऊ नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.