मनगटाचे लिगामेंट तुटले आहे; शस्त्रक्रियेनंतर हालचाल किती राहील?

प्रश्न:
दुचाकी घसरून तळहातावर पडलो, त्याला आता सात-आठ महिने होत आले. फ्रॅक्चर नसल्यामुळे तेव्हा क्रेप बँडेजवरच निभावले. आता भरलेली बादली उचलताना किंवा खुर्चीच्या हातावर भार देऊन उठताना मनगटात कळ येते आणि कट् असा आवाज होतो. मनगटातील स्कॅफॉइड आणि ल्युनेट या हाडांना जोडणारे लिगामेंट पूर्ण तुटल्याचे एमआरआयमध्ये दिसले असून, माझ्याच टेंडनची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची) पट्टी वापरून ते नव्याने बांधावे, असे सर्जनांचे मत आहे. तुटलेले लिगामेंटच शिवता येणार नाही का? आणि मनगट आखडेल का?

उत्तर १ (अस्थिरोगतज्ज्ञ):
पहिल्या काही आठवड्यांत लिगामेंट शिवता येते. नंतर त्याची टोके आक्रसतात, स्कॅफॉइड तळहाताच्या बाजूला झुकते आणि ल्युनेट उलट, हाताच्या पाठीकडे कलते. एक्स-रेत हाड शाबूत दिसले की रुग्णाला घरी पाठवले जाते, आणि त्यातच ही मुदत निघून जाते. आपल्याला सुचवलेल्या पद्धतीत मनगट वाकवणाऱ्या एका टेंडनची पट्टी स्कॅफॉइडमध्ये पाडलेल्या छिद्रातून मागच्या बाजूला काढतात आणि ल्युनेटवर पक्की करतात. सर्जन ब्रुनेली यांनी १९९५मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेचे हे सुधारित रूप आहे. मात्र हाडे सहज जागेवर बसत असतील आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) शाबूत असेल, तरच ती करण्यात अर्थ आहे. दोन्ही हातांच्या मुठी घट्ट आवळून एक्स-रे काढून घ्या. स्कॅफॉइड आणि ल्युनेटमधील फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि दुसऱ्या हाताहून मोठी असेल, तर निदानाला बळकटी येते. कूर्चेबद्दल शंका असल्यास आर्थ्रोस्कोपीने (सांध्यात दुर्बीण घालून) आधी आत पाहणे उत्तम.

उत्तर २:
माझ्या बाबतीत कूर्चा आधीच झिजली होती, त्यामुळे स्कॅफॉइड काढून मनगटातील इतर चार हाडे एकमेकांना सांधावी लागली. कळ थांबली, पण मनगटाची हालचाल साधारण निम्मीच उरली. नमस्कार करताना कोपरे उचलून तळवे नीट जुळवता येत नाहीत.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. टेंडनच्या शस्त्रक्रियेनंतर हालचाल पूर्ववत होते का?

उत्तर १ (अस्थिरोगतज्ज्ञ):
पूर्ववत होत नाही. विशेषतः मनगट खाली वाकवणे कमी होते. पुढे काही वर्षांनी एक्स-रेत फट पुन्हा थोडी रुंदावलेली दिसू शकते, तरीही बऱ्याच रुग्णांचे दुखणे कमी होऊन पकड सुधारते. हाडे जागेवर धरण्यासाठी घातलेल्या के-वायर (धातूच्या तारा) साधारण दोन महिन्यांनी काढतात, त्यानंतर फिजिओथेरपी सुरू होते आणि जड काम सहा महिने तरी टाळावे लागते. आपला हात कामात कसा वापरला जातो, हे सर्जनांना तपशीलवार सांगूनच निर्णय घ्या.