एअरबोट: पिच (पात्यांचा कोन) उतरवू की गिअर बदलू?
फ्लोरिडातल्या दलदलीत चालणारी एअरबोट (मागच्या मोठ्या पंख्याच्या जोरावर पळणारी सपाट बोट), ५.७ लिटर व्ही-८ इंजिन, २.०९:१ चा रिडक्शन गिअर (पंखा इंजिनापेक्षा हळू फिरवणारा), ७८ इंची तीन पात्यांचा पंखा. इंजिनाची कमाल ताकद ५,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे), पण बोट बांधून पूर्ण थ्रॉटल दिला तरी ४,४०० च्या वर जात नाही. कार्बोरेटर, इग्निशन, कॉम्प्रेशन तपासलं, ठीक आहे. टॅकोमीटरही दुसऱ्या मीटरशी ताडला. पिच २ अंश कमी केल्यावर ४,६५० मिळाले. ताणकाट्यावर ओढ मात्र जवळपास तेवढीच, आवाज तेवढा वाढला.

५,००० ला पात्यांच्या टोकांचा वेग या गिअरवर सेकंदाला २४८ मीटर होतो, २.३८:१ च्या गिअरवर २१८. पंख्याभोवतीच्या पिंजऱ्यात मोठा पंखा मावत नाही. कोरड्या गवतावरून उठायला जोर हवाय, टॉप स्पीडची हौस नाही. पिच अजून उतरवू, की २.३८ टाकून पिच वाढवू? वाढवायचा तर किती अंशांपासून सुरुवात करू?