'रडकी पिढी' पोस्टला उत्तर : वजनकाटा मैदानावर कशाला?

मांजलपूरची आई :
बडोद्यातल्या धावणाऱ्यांच्या सगळ्या ग्रुपांत रविवारपासून एक पोस्ट फिरते आहे, 'रडकी पिढी'. खाली अंगठ्यांची रांग. म्हणणं थोडक्यात असं : लांब पल्ल्याचा धावपटू धाकाशिवाय तयार होत नाही, हल्ली मुलीचं वजन विचारलं तरी आईबाप तक्रार घेऊन येतात, आणि त्या अमेरिकेच्या धावपटू मेरी केनने कॅमेऱ्यासमोर रडून एका महान कोचला घरी बसवलं.

आधी तारखा बघा. तो कोच म्हणजे अल्बर्टो सालाझार. त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली ३० सप्टेंबर २०१९ ला, डोपिंगचे नियम मोडले म्हणून. मेरी केन बोलली त्यानंतर, नोव्हेंबरात. म्हणजे तिच्या रडण्याने तो घरी बसला हे धादांत खोटं आहे. २०१३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, ही मुलगी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. मग ती सालाझारच्या हाताखालच्या गटात, नाइकेच्या ओरेगॉन प्रोजेक्टमध्ये गेली. तिचं म्हणणं असं की तिथे तिला ११४ पौंडांचा, म्हणजे जेमतेम ५२ किलोंचा आकडा ठरवून दिला, सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. सालाझारने बरेचसे आरोप नाकारले. पण २०२१ मध्ये खेळाडूंवरच्या अत्याचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या अमेरिकेच्या सेफस्पोर्ट संस्थेने त्याला खेळाडूंशी गैरवर्तन केल्याबद्दल कायमचं बाहेर काढलं.

आता घरचं. माझी मुलगी ३००० मीटर धावते. तिच्या आधीच्या कोचकडे दर सोमवारी पायऱ्यांपाशी काटा मांडायचे. मुलींची रांग, आणि आकडा मोठ्याने. वजन वाढलं असेल तर जादा फेऱ्या. रविवारी रात्रीपासून मुली पाणी प्यायच्या बंद. काट्यावर चढण्याआधी कानातले, केसांचा रबर, मनगटातला धागा, सगळं काढून पायरीवर ठेवायच्या. पाळी थांबली तेव्हा मी कोचना विचारलं. म्हणाले, "चांगलं लक्षण आहे, शरीर हलकं झालं." पुढच्या हंगामात नडगीच्या हाडाला बारीक चीर. पोस्ट लिहिणाऱ्यांनी या मुलीला रडकी म्हणून दाखवावं.

जुना पाच-हजारी :
ताई, तुमच्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण एका कोचवरून सगळ्यांना फटकारू नका. मी रेल्वेकडून पाच हजार मीटर धावलो. आमचे कोच सायकलवरून मागे यायचे, वेळ चुकली तर हातातली छडी पोटरीवर बसायची. त्याच माणसाने माझी फी भरली, बूट घेऊन दिले.

वजनाचं म्हणाल तर त्याला पर्याय नाही. अविनाश साबळे फौजेत असताना जाड झाला होता, वजन उतरवलं तेव्हा कुठे स्टीपलचेसपर्यंत, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीपर्यंत पोचला. पोलादी कोच हवेत तर निकोलाय स्नेसारेव्ह बघा. बेलारूसचा माणूस. साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर त्याच्या हाताखाली रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली, ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम करून. पी. टी. उषानंतर ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. ती काय लाडाकोडाने गेली?

आणि कोचच्या बाजूने कोण बोलतं? तो बिचारा कंत्राटावर नेमलेला माणूस. राज्य स्पर्धेत पदक आलं नाही तर पुढच्या वर्षी कंत्राट नाही. पहाटे दोन तास पोर त्याच्या हातात, उरलेले बावीस मोबाइलच्या. तो काय करणार?

स्टीपलचेसवाला :
काका, साबळेचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तो निकोलायच्या कॅम्पात टिकला नाही. तिथला भार झेपेना म्हणून आधीचे कोच अमरीश कुमार यांच्याकडे परत गेला, आणि २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा १९८१ चा विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात ८:११.२० धावून रौप्य आणलं तेव्हा तो अमेरिकेत स्कॉट सिमन्सकडे सराव करत होता. केनियाच्या किबिवोटपेक्षा फक्त पाच शतांश सेकंद मागे.

निकोलायचं नाव काढलंच आहे तर ओ. पी. जैशाचंही काढा. तीही त्याचीच शिष्या. १५०० मीटरची धावपटू, २०१४ च्या इंचिऑन एशियाडमध्ये तिने त्यात कांस्य मिळवलं. मॅरेथॉन मला नको होती, कोचने धावायला लावलं, असं तिनेच सांगितलं. रिओत २:४७:१९ मध्ये ८९ वी आली आणि शेवटच्या रेषेवर कोसळली. म्हणाली, आपल्या देशाच्या टेबलावर नाव आणि झेंडा होता, पाणी नव्हतं.

जुना पाच-हजारी :
अर्धी गोष्ट सांगू नका. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने स्पष्ट म्हटलं होतं की पेयाबद्दल जैशाला आणि कोचना विचारलं होतं आणि त्यांनीच नको म्हटलं. कविता राऊत त्याच मॅरेथॉनमध्ये धावली. तिनेही सांगितलं की मला विचारलं होतं, गरज नव्हती म्हणून नको म्हटलं. आपल्या नाशिकची मुलगी खोटं बोलेल का?

स्टीपलचेसवाला :
कविताला खोटं कोण म्हणतंय? जैशाने सांगितलं, मला कुणी विचारलंच नाही. कविताला विचारलं आणि जैशाला नाही, असं होऊ शकत नाही का? ४२ किलोमीटर ऑगस्टच्या उन्हात धावणार ती, आणि तिच्या बाटलीचं उत्तर दुसराच कुणी देणार? कोचच्या हाती एवढं सगळं एकवटलं की हे असंच होतं.

दांडियाबाजार :
जैशाचं राहू द्या. मला राग आलाय तो 'धाक' या एका शब्दाखाली आमच्या आखाड्यालाही झोडपलं जातंय त्याचा. त्या पोस्टीत 'जुने उस्ताद काठीने बोलायचे' असं लिहिलंय. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात माझे आजोबा मल्लखांब शिकले. तिथे शिस्त होती, पण पोराच्या शरीराचा आकडा चौकात कुणी ओरडून सांगत नव्हतं. उलट खुराक काय घेतोस हे उस्ताद पहिल्यांदा विचारायचे. घरात दूध नसेल तर दुधाची सोय करायचे.

आणि एक सांगते. कोच, काटा, सगळं नंतर. आधी मैदान द्या! नवरात्र आलं की मैदानं गरब्याच्या मंडपांची होतात. खिळे, तारा, काच. दसऱ्यानंतर कितीतरी दिवस पोरं अनवाणी उतरू शकत नाहीत. याबद्दल ग्रुपवर एकही पोस्ट का फिरत नाही?

अलकापुरीची डॉक्टर :
मैदानाचं खरं आहे, पण मला पाच-हजारी काकांच्या वजनाच्या मुद्द्यावर बोलायचंय, कारण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या धावणाऱ्या मुली तेच वाक्य ऐकून आलेल्या असतात. वजनाचा वेगाशी संबंध आहे, तो नाकारत नाही. पण वाढीच्या वयातली मुलगी दिवसाला जेवढी ताकद खर्च करते तेवढं खात नसेल, तर मेंदू आधी पाळीचं चक्र बंद करतो. इस्ट्रोजेन खाली येतं, आणि हाडांत कॅल्शियम साठवायची जी काही वर्षं असतात ती वाया जातात. ती पुन्हा येत नाहीत. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच याला रेड-एस असं नाव देऊन सगळ्या संघांना सावध केलं. पाळी थांबणं ही चांगली खूण नाही, ती धोक्याची घंटा आहे. ज्या कोचने आईला 'शरीर हलकं झालं' असं सांगितलं त्याने एका किशोरीच्या हाडांचा निर्णय वैद्यकीय ज्ञान नसताना घेतला.

एवढं मात्र मान्य करते की कोचना हे कुणी शिकवतच नाही. प्रशिक्षणात तंत्र आणि सराव असतो. मुलीच्या शरीराबद्दल एखादं व्याख्यान झालं तर झालं.

आहवा :
मी गुजरातच्या डांग जिल्ह्यातला. हॉस्टेलमध्ये राहून धावलो. आमच्याकडचा मुरली गावित २०१९ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेऊन आला तेव्हा आहव्यात फटाके वाजले. त्याच वर्षी माझी मावसबहीण एका हॉस्टेलमध्ये होती, कुठलं ते लिहीत नाही. चारशे मीटरच्या चौथ्या फेरीला मागे पडायची. कोच तिला 'आळशी, जंगलातली' म्हणायचे आणि बाकीच्या मुली पाणी पीत असताना तिला उठाबशा काढायला लावायचे. एकदा ती वळणावर खाली बसली आणि उठलीच नाही. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात, आणि सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या भागात घराघरात आहे. भरतीच्या वेळी एक साधी तपासणी केली असती तर कळलं असतं. कुणी केली नाही. ती आता धावत नाही.

पाच-हजारी काका, तुमच्या पोटरीवर छडी बसली आणि तुम्हाला बूटही मिळाले. माझ्या बहिणीला छडीच तेवढी मिळाली.

अलकापुरीची डॉक्टर :
आहवा, ही तपासणी डांग, तापी, नर्मदा या जिल्ह्यांतल्या मुलांची दाखल होतानाच व्हायला हवी. सिकलसेल असणाऱ्या मुलाला उन्हात, पाण्याविना, शिक्षा म्हणून पळवणं जिवावर बेतू शकतं. यात मत वगैरे काही नाही.

जुना पाच-हजारी :
आहवा, तुझ्या बहिणीचं वाचून सुन्न झालो. हे कोचिंग नाही, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण ताईंनी उघडलेला धागा वाचून उद्या प्रत्येक पालक स्टॉपवॉच घेऊन मैदानात उभा राहील, त्याची मला भीती आहे. मुलाला 'आज दोन फेऱ्या कमी कर' असं बापाने कोचसमोर सांगितलेलं मी पाहिलंय. मग कोचने करायचं काय? केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे कप्तागतच्या कॅम्पात संडास साफ करतो. शिस्त असते ती अशी.

मांजलपूरची आई :
काका, किपचोगेच्या गोष्टीत शिस्त आहे, धाक कुठे आहे? तिथे जगज्जेताही इतरांसारखंच काम करतो, कुणाला चारचौघांत खाली दाखवण्यासाठी नाही. त्याचे कोच पॅट्रिक सांग स्वतः १९९२ च्या ऑलिंपिकचे रौप्यविजेते, आणि किपचोगे पोरगा असल्यापासून त्यांच्याकडेच आहे. एवढी वर्षं माणूस भीतीने एका कोचकडे राहत नाही.

पालकांनी फेऱ्या मोजू नयेत, हे मला पटतं. मी मैदानावर जाऊन सराव ठरवणार नाही. मला एवढंच हवंय की काटा आत खोलीत ठेवा, आकडा मुलगी, कोच आणि डॉक्टर यांच्यापलीकडे जायला नको. पाळी दोन-तीन महिने आली नाही तर कोचने ते घरी कळवावं, पोरीला दडवायला सांगू नये. आणि भरतीच्या वेळी रक्त तपासा. यातलं पदक काढून घेणारं काय आहे ते सांगा.

जुना पाच-हजारी :
काटा खोलीत न्या, माझी हरकत नाही. रक्ततपासणीही ठीक. पण पाळीचं पुरुष कोचने कसं विचारायचं? आमच्या पिढीचा माणूस तो शब्दही उच्चारणार नाही. मैदानावर एक बाई कोच नेमा, आणि तिला नीट पगार द्या. त्याबद्दल लिहा कुणीतरी.

दांडियाबाजार :
लिहिते. त्याच पत्रात गरब्याच्या मैदानाचंही घालते.

स्टीपलचेसवाला :
सगळं झालं, पण जैशाचा प्रश्न कुणी सोडवला नाही. काका, तुम्ही म्हणता महासंघाने विचारलं. विचारलं असेल तर ते तिच्या सहीने कुठेतरी लिहून घ्यायला नको का? लिहून घेतलं असतं तर आज आपण इथे कविता विरुद्ध जैशा असं भांडत बसलो नसतो.

जुना पाच-हजारी :
ऑलिंपिकमध्ये दर बाटलीसाठी सही घ्यायची? धावण्याच्या आदल्या दिवशी?

स्टीपलचेसवाला :
हो. धावण्याच्या आदल्या दिवशीच. धावणार ती आहे.