पावसाळ्यात घोड्याचे ठाण कोरडे कसे ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. महाबळेश्वरजवळच्या आमच्या गावात आमच्याकडे एक घोडी आणि एक घोडा आहे. दोघांची ठाणी शेजारी शेजारी, प्रत्येकी १० बाय १२ फुटांची असून खाली दाबलेला मुरूम आणि त्यावर भाताचा पेंढा आहे. जूनच्या अखेरीपासून झड आत येऊ नये म्हणून आम्ही पश्चिमेच्या बाजूला प्लॅस्टिक बांधले आहे. मी रोज सकाळी लीद काढतो, फिनाईल टाकून जमीन पाण्याने धुतो, ओल्या जागी चुना पसरतो आणि त्यावर नवा पेंढा टाकतो. तरीही पहाटे दार उघडले की डोळे चुरचुरतात, घोडी अधूनमधून खोकते आणि तिच्या मागच्या एका खुराला काळसर, घाण वासाचा चिकट स्राव येऊ लागला आहे. स्वच्छतेत माझे नेमके काय चुकते आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर १

आपण मेहनत कमी करत नाही, परंतु महाबळेश्वरच्या पावसात, जिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाणी पडते, रोज धुतलेला मुरूम दुसऱ्या सकाळपर्यंत वाळणे शक्यच नाही. पूर्ण वाढलेला घोडा दिवसाला साधारण १५ ते २० किलो लीद आणि ५ ते १० लिटर मूत्र टाकतो. मूत्रातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. ओल जितकी जास्त, तितके हे काम वेगाने चालते. म्हणून पावसाळा संपेपर्यंत पाण्याने धुणे बंद करा.

त्याऐवजी दोन्ही जनावरांना बाहेर बांधून आधी लीद उचला, मग दाताळ्याने कोरडा पेंढा भिंतीकडे सारा आणि मूत्राने भिजलेला थर थेट मुरमापर्यंत खरवडून घमेल्यात भरा. वरवर कोरडा दिसणारा पेंढा उचलून पाहिल्याशिवाय सोडू नका, कारण खरी ओल खालीच दडलेली असते. घोडीची ओली जागा बहुधा मागच्या बाजूला आणि घोड्याची मधोमध सापडते, त्यामुळे रोज सगळे ठाण उपसावे लागत नाही. ती जागा तासभर उघडी ठेवून मगच अंथरूण पसरा. मुरमाला खड्डे पडले असतील तर ते भरून मागे नालीकडे हलका उतार द्या. शक्य असल्यास पेंढ्याखाली लाकडाचा जाडसर भुसा घाला, तो मूत्र चांगले शोषतो. भाताचे तूस मात्र बाजूला सरकते आणि फारशी ओल धरत नाही.

उत्तर २

मी पशुवैद्यक आहे. वरील उत्तराशी पूर्ण सहमत असून मला प्लॅस्टिकची अधिक काळजी वाटते. हवा बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यावर अमोनिया आतच साचून राहतो, आणि घोडा खाताना किंवा आडवा होताना त्याचे नाक नेमके जमिनीजवळ असते. आपण उभ्याने वास घेऊन निर्णय घेऊ नका. गुडघे टेकून अंथरुणाजवळ वास घ्या. झडीसाठी खालचा भाग झाका, पण छपराखालची फूट-दीड फूट जागा उघडी ठेवा आणि वर पुढे आलेले छप्पर करा. बुरशी आलेला पेंढा आत नेऊ नका, त्यानेही खोकला होतो.

विरलेला चुना अल्कधर्मी असल्याने ओल्या मूत्रावर टाकल्यास अमोनिया अधिक सुटतो आणि घोड्याची त्वचा व खूरही जळू शकतात. कळीचा चुना तर मुळीच वापरू नये. ब्लीचिंग पावडरही मूत्रावर टाकू नका, कारण त्यातून विषारी वायू निघतो. कोणतेही जंतुनाशक लीद आणि मूत्र पूर्ण काढल्यानंतरच उपयोगी पडते.

आपण केलेल्या वर्णनावरून तळखुराच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागात सडणे सुरू झाले असावे. खूर रोज दोनदा कोरून कोरडा करा आणि या आठवड्यातच पशुवैद्यकाला व नालबंदाला दाखवा. धनुर्वाताचे जंतू लीद आणि मातीत राहतात, त्यामुळे दोन्ही जनावरांची आणि ठाण साफ करणाऱ्या माणसाचीही लस झालेली आहे ना, हे तपासा.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. प्लॅस्टिकचा वरचा भाग आजच सोडला आणि पेंढा सारल्यावर मागच्या भिंतीलगत हातभर लांबीचा चिखल निघाला. मी त्यावरच रोज नवा पेंढा घालत होतो. आता एवढी लीद ठेवावी कुठे? सध्या ती ठाणाच्या मागेच टाकतो.

उत्तर १

तिथे ठेवू नका. ऊबदार दिवसांत माशीची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवडा-दहा दिवसांत होते, म्हणून ढीग ठाणापासून आणि विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली करा. ढीग छातीइतका उंच रचून अधूनमधून पालथा घातला, तर आतील उष्णतेने माशीच्या अळ्या आणि जंतांची अंडी मरतात. पेंढा कुजायला वेळ लागतो, पण पुढच्या हंगामात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना हे पूर्ण कुजलेले खत उपयोगी पडेल. कच्ची लीद मात्र वाफ्यात घालू नका.