परभणीची थंडी काढलेल्याला विनिपेग झेपेल का?

गोदाकाठचा (प्रश्न)

भाच्याला कॅनडात विनिपेग आणि टोरंटो, दोन्हीकडं प्रवेश मिळालाय. विनिपेगला भाडं कमी, म्हणून घरच्यांचा कल तिकडं. पोरगं म्हणतं, परभणीत पारा पाचाखाली जातो तेव्हा आपण काय मरतो का? जानेवारीत पोचायचंय. फरक नेमका किती, इथून काय न्यायचं, घरात किती गारठा असतो, हे जाणत्यांनी सांगावं. ‘कॅनडा लई भारी’ किंवा ‘जाऊच नको’ असली उत्तरं नकोत.

हुरड्याची_आगटी

परभणीच्या पाच अंशांवरून विनिपेगचा अंदाज बांधू नका, थंडीची जातच निराळी आहे. आपल्याकडं हिवाळ्यात आभाळ मोकळं आणि हवा कोरडी. जमिनीची ऊब रातोरात वर निघून जाते आणि पहाटे पारा कोसळतो. पण नऊला ऊन चढलं की स्वेटर निघतो आणि दुपारी अठ्ठावीस-तीस. विनिपेगला जानेवारीत सरासरी किमान उणे २१ च्या आसपास आणि कमाल, म्हणजे भर दुपारचं, उणे ११. दुपारी सुटका होईल ही आपली सवयीची आशा तिथं कामाची नाही. टोरंटोत जानेवारीची दुपार शून्याच्या आगंमागं, रात्र उणे ७ च्या जवळ.

फसवणारी गोष्ट ऊन. विनिपेगला ज्या दिवशी आभाळ निळंशार, तो दिवस बहुधा सगळ्यात गार असतो. उत्तर ध्रुवाकडची कोरडी, जड हवा खाली येऊन बसलेली असते. ढगाळ दिवस उलट थोडा नरम. खिडकीतून ऊन बघून पातळ जॅकेटवर बाहेर पडायचं नाही.

पारा बघण्यापेक्षा ‘विंड चिल’चा आकडा बघायचा. पारा उणे २० आणि वारं ताशी ३० किलोमीटर असेल तर अंगाला लागतं ते उणे ३३. विंड चिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या पुढं ५ ते १० मिनिटांत. म्हणून बसची वेळ मोबाइलवर बघून मगच घराबाहेर पाऊल.

घराचं मात्र उलटं. तिथं तो परभणीपेक्षा कमी कुडकुडेल. आपल्या पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या घरात रात्री गार फरशी आणि रजईशिवाय दुसरा उपाय नाही. तिकडं भिंतीत इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारा थर, खिडकीला दुहेरी काच आणि घरात सतत २०-२१ अंश. पण भाड्यात हीटिंग धरलंय की बिल वेगळं, हे करारावर सही करण्याआधी विचारा. तळघरातली खोली स्वस्त मिळते. तिथं हीटिंगची गरम हवा येणारी जाळी आहे का, खिडकीतून बाहेर निघता येतं का, तेही बघा.

कापूसकोंड्या

कापूस आपल्या मातीतला, पण त्या थंडीत तो वैरी. सुती बनियन घाम पितं, ओलं राहतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्सही सुतीच. म्हणून तीन थर:

आतला अंगाला चिकटणारा, मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा, वर आणि खाली दोन्ही. मधला फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) किंवा लोकरीचा स्वेटर. हिवाळ्यात आपल्याकडं रस्त्याकडेला मिळणारे स्वेटर या थराला चालतात, सोबत न्या. बाहेरचा थर वारं अडवणारा पार्का, मांडीपर्यंत लांब, टोपी असलेला. तो आणि बूट तिथंच घ्या. इथं थंड प्रदेशाच्या नावावर जे विकतात ते बहुधा मनालीच्या सहलीपुरतं. बूट घेताना जाड मोजे घालून मापा, बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी गारठतो. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारा मोजा जास्त उबदार.

जानेवारीत उतरणार म्हणजे एक जाड जॅकेट, टोपी आणि हातमोजे हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग मागं राहिली तर विमानतळाच्या दारातच पंचाईत. माकडटोपीला हसू नका, कान-गाल झाकायला तिचा जोड नाही.

(खोबरेल तेल २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळं २१ अंशांच्या खोलीत बाटली हिवाळाभर दगडच. रुंद तोंडाची बरणी न्या.)

नांदेडी_मिस्तरी

थंडीपेक्षा अंधार जास्त खातो, ते कुणी सांगत नाही. २१ डिसेंबरला परभणीत दिवस ११ तासांचा, टोरंटोत ९ तासांच्या आत-बाहेर, विनिपेगला जेमतेम ८. साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चालायचंच, आणि ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरला विचारून घ्यायचं.

शहर थंडीवरून निवडू नका. कोर्स कुठला आणि त्यानंतर नोकरी कुठं, यावरून निवडा. पैशाचा हिशेब मात्र आधी: १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला, क्यूबेक प्रांत सोडून, शिक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करताना राहण्याच्या खर्चाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, फी आणि प्रवास वेगळा. अभ्यासाच्या काळात कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम. त्यामुळं ‘तिथं जाऊन कमवून फी भरीन’ हे गणित बसत नाही.

गोदाकाठचा

भाचा पुढं जुनी गाडी घ्यायची म्हणतो. आणि घरातून विचारायलेत, शेगडी पेटवली तर चालंल का?

नांदेडी_मिस्तरी

शेगडी अजिबात नाही. बंद घरात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच घेऊन जातो. त्याच कारणानं बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवायची नाही.

गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम करणारा विजेचा हीटर, आहे का बघा. समोरच्या जाळीतून लोंबणारी प्लगची वायर ही त्याची खूण. पारा उणे १५ च्या खाली असेल तर निघण्याआधी दोन-तीन तास टायमरवर लावायचा, रात्रभर नाही. बर्फाचे टायर वेगळे घ्यावेत. साध्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होऊन पकड सोडतं. वायपरच्या टाकीत आपल्यासारखं साधं पाणी भरलं तर गोठून टाकीच तडकते, उणे ४० पर्यंत न गोठणारं द्रावण भरा. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतलं तर काच गेली म्हणून समजा.

हुरड्याची_आगटी

एक राहिलं. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर आपण चोळतो किंवा शेकोटीवर धरतो. दोन्ही चूक. चोळल्यानं गोठलेली कातडी आतून फाटते, आणि बधिर हाताला चटका कळत नाही. आधी आत जा, ओले मोजे काढा, कोमट पाण्यात, साधारण ३७ ते ३९ अंश, हात बुडवून ठेवा. ठणका लागणार, तो रक्त परतल्याचा. फोड आले किंवा बधिरपणा गेला नाही तर थेट दवाखाना. आणि परत थंडीत जायचंच असेल तर तोवर शेकूच नका, दुसऱ्यांदा गोठलं की इजा जास्त.