‘मख्ख’ चेहरा नेमका कसा?

प्रश्न (सांगली): आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीत ‘तो मख्ख चेहऱ्याने उभा राहतो’ या रंगसूचनेवरून मतभेद झाला आहे, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जेथे नाटक उभे केले, त्या गावात असे वाद व्हायचेच. दिग्दर्शक ‘निर्विकार’ असा अर्थ घेतात, मला मात्र शब्दात दोषारोप जाणवतो. कृपया खुलासा करावा.

उत्तर (मिरज): आपली शंका रास्त आहे. ज्याच्या मनात विकार उमटत नाही तो निर्विकार, म्हणूनच हा संस्कृत शब्द परब्रह्मालाही लावतात. ‘मख्ख’ तेथे लावून पाहा! समोरच्याला प्रतिसादाची अपेक्षा असताना, विनोद ऐकून जो हसत नाही आणि रागावल्यावर वरमतही नाही, तो मख्ख. त्यात मंदपणाची किंवा मुद्दाम केलेल्या दुर्लक्षाची छटा असते.

उत्तर (सातारा): सहमत. ‘ढिम्म’ मात्र वेगळा ठेवावा, कारण त्याचा रोख चेहऱ्यापेक्षा जागचे न हलण्यावर अधिक असतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग नटाने समोरच्याकडे पाहावे की नाही?

उत्तर (मिरज): पाहत राहावे. नजर चुकवली, तर तो मख्ख न वाटता अपराधी वाटेल.